खुराडं आणि अंड्यांचे पैसे

गेल्या दिवाळीनंतर आम्ही घरच्यांनी मिळून परसात खुराडं बांधलं. आम्ही म्हणजे आम्ही दोघी जावा, आत्याबाई आणि पोरं. दगड उचलायला घरच्या पुरुषांनाही हाताशी घेतलं. बांधता बांधता आत्याबाई जुनं सांगत गेल्या, थोरली पोरगी पुस्तकांतलं वाचून दाखवत गेली. त्यातून खुराड्याचा जो इतिहास हाती लागला, तो आज सांगतो.

कोंबडीला माणसानं धरून आणलं, की ती आपण होऊन आली? थायलंडमध्ये बान नॉन वाट या ठिकाणी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडं सापडली आहेत. नक्की पाळीव कोंबडीची म्हणता येतील अशी ती सर्वांत जुनी, असं संशोधकांनी २०२२ साली मांडलं. भात आणि भरडधान्यं पिकू लागली, रानकोंबड्या दाण्यांच्या आशेनं वस्तीजवळ आल्या आणि राहिल्या, असा त्यांचा कयास. आम्हाला तो पटतो. खळ्यावर कोंबड्या हाकलून दमलेल्या बाईला तो पटेलच!

रानकोंबडी रात्री फांदीवर झोपते. आपली कोंबडीही तिन्हीसांजेला उंच जागा शोधते ती म्हणूनच. खुराड्यात आडवी काठी लागते, हे आम्हाला त्यावरून कळलं.

आत्याबाईंच्या माहेरी दोन सोयी होत्या. पिलांवाल्या कोंबडीसाठी बुरडानं विणलेलं बांबूचं डालगं, पालथं घालून वर दगड ठेवायचा. बाकीच्यांसाठी ओट्याखाली दगडमातीचं खुराडं. त्याचं दार एवढंसं, की झाडायला लहान पोरालाच आत शिरावं लागे. आत्याबाई सात-आठ वर्षांच्या होईपर्यंत ते काम त्यांचं. अजून सांगताना नाक मुरडतात.

अंडी मात्र आईची. बाजारच्या दिवशी टोपलीत भुसा घालून ती अंडी नेई, आणि त्या पैशांतून मीठ-मिरची, बांगड्या, पोरांच्या पाट्या येत. जमीन वडिलांच्या नावावर, बैल वडिलांचे, दुधाचा हिशेबही त्यांच्याकडे. कोंबडीला सातबारा नसतो, त्यामुळे तिचा पैसा कुणी मागितला नाही. एकट्या पडलेल्या बाईला शेजारीण वाट्यानं कोंबडी देई. पिलं निघाली की निम्मी तिची, निम्मी हिची. आत्याबाई आता माळकरी आहेत, अंड्याला शिवत नाहीत. पण त्या पैशांची गोष्ट निघाली की त्यांचा आवाज बदलतो.

हा पैसा एका आठवड्यात बुडायचा तो मानमोडीनं. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, कारण कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला १९२७ साली तिची साथ नोंदली गेली. १९४०च्या दशकात तिथूनच जवळ, मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत तिच्यावर लस तयार झाली. आत्याबाईंच्या माहेरी मात्र ती त्यांच्या लग्नापर्यंत पोचली नव्हती.

मग अंडं परसातून निघालं. १९७१ साली पुण्यात बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ साली अंड्याचे भाव ठरवणारी समन्वय समिती उभी राहिली. पिंजऱ्याची जाळी पुढं उतरती, त्यामुळे घातलेलं अंडं आपोआप घरंगळत बाहेर येतं. अंडं स्वस्त झालं, पोरांच्या ताटात आलं, हे चांगलंच झालं. पण शेडला जागा लागते, कर्ज लागतं आणि कर्जाला सातबारा लागतो. टोपलीवाल्या बाईच्या हातून तो व्यवहार सुटला.

फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला, देशातला पहिलाच. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांतही तो निघाला. लाखांनी पक्षी मारले गेले, त्यात घरोघरच्या चार-चार कोंबड्याही गेल्या. साथ आवरायला ते करावं लागलं, हे खरं. पण रिकाम्या खुराड्यापुढं बसलेल्या बाईचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

आमच्या खुराड्याचं म्हणाल तर पहिलं फसलं. चहूबाजूंनी पत्रा ठोकला, तेव्हा आत वारा खेळेना. म्हणून खालच्या बाजूला चार बोटं फट ठेवली, तर त्या फटीतून मुंगूस शिरलं. एका रात्रीत पाच कोंबड्या गेल्या. धाकटा पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. दुसरं खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच केलं, वरच्या बाजूला बारीक जाळी लावली, लांबी पूर्व-पश्चिम ठेवली म्हणजे दुपारचं ऊन थेट आत येत नाही. आणि दार मोठ्या माणसाचा हात आणि झाडू जाईल एवढं! ती अट आत्याबाईंची.

भाऊजी म्हणाले, एवढं करता तर कर्ज काढून पाचशेची शेडच टाकू. आम्ही नको म्हटलं. आठ कोंबड्यांचे पैसे आत्याबाईंच्या फडताळातल्या बरणीत पडतात, तिला हिशेब विचारायला कुणी येत नाही.

बरणीतून पहिली खरेदी झाली ती मानमोडीच्या लसीची. आम्हाला मिळाली ती कुपी शंभर पक्ष्यांची, आणि एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या नऊ घरांनी वर्गणी काढली. पुढची लस येत्या बुधवारी आहे. आळीतल्या बायांनो, ऐकताय ना? त्या दिवशी सकाळी आम्ही येईपर्यंत खुराडी उघडू नका.