लिलांव, खोटी बोली आणि ग्राहकाचें रक्षण

‘लिलांव’ हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांच्या शब्दाचें मूळ अरबी भाषेंत आहे. तेथें त्या मूळ शब्दाचा अर्थ ‘जाहीर करणें’ असा होतो. शब्दाच्या व्युत्पत्तींत पुष्कळदां त्या संस्थेचें मर्म सांपडतें, तसें तें येथेंही सांपडतें. लिलांव म्हणजे केवळ चढाओढीची विक्री नव्हे. ती चारचौघांच्या देखत, मोठ्यानें पुकारा करून झालेली विक्री होय. वस्तु समोर मांडलेली, विकणारा समोर उभा, बोली लावणारे एकमेकांस पाहत आहेत, अशा स्थितींत लबाडीला वाव थोडा. हा जाहीरपणा नाहींसा झाला किंवा त्याचें केवळ सोंग उरलें, कीं तोच लिलांव फसवणुकीचें उत्तम साधन बनतो.

आज घरबसल्या संगणकावर किंवा हातांतल्या मोबाइलवर बोली लावून जुनें नाणें, कॅमेरा, मोटार, फार काय, बँकेनें ताब्यांत घेतलेलें घरही विकत घेतां येतें. या ऑनलाइन लिलांवांत विकणारा दिसत नाहीं, वस्तु हाताळतां येत नाहीं, आणि आपल्यावर चढी बोली लावणारा खरा ग्राहक आहे कीं विकणाऱ्याचाच हस्तक आहे, हेंही कळत नाहीं. सोय मोठी, पण धोकाही तितकाच मोठा. मात्र हा धोका अगदीं नवा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांतील बहुतेक युक्त्या दोन हजार वर्षांच्या जुन्या आहेत, आणि त्यांवरील उपायही तितकेच जुने आहेत. ते उपाय कोणते व आजच्या व्यवहारांत ते कसे योजावे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम रोमकडे पाहूं. इंग्रजींतील ‘ऑक्शन’ हा शब्द ‘वाढविणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून झाला आहे. रोमन लोक जाहीर विक्रीच्या जागीं जमिनींत भाला रोंवीत. लिलांवाचा त्यांच्याकडे इतका प्रघात होता कीं, इ. स. १९३ मध्यें सम्राट् पर्टिनॅक्स याचा खून केल्यावर शरीररक्षक सैनिकांनीं खुद्द साम्राज्यच लिलांवांत काढलें! डिडियस ज्युलियानस या श्रीमंत गृहस्थानें दर शिपायामागें २५,००० सेस्टर्स देण्याचें कबूल करून तें घेतलें, आणि सुमारें दोन महिन्यांतच त्याचा शिरच्छेद झाला. या विलक्षण सौद्यांत एक साधा धडा आहे. जी वस्तु विकण्याचा शिपायांस अधिकारच नव्हता, ती त्यानें चढाओढीच्या भरांत विकत घेतली. आपल्या धर्मशास्त्रकारांच्या भाषेंत सांगावयाचें तर हा ‘अस्वामिविक्रय’ होता.

पण रोमन लोकांनीं फसवणुकीचा विचारही सूक्ष्मपणें केला होता. सिसेरोनें इ. स. पूर्वी ४४ मध्यें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें एक गोष्ट दिली आहे. कॅनियस नांवाचा एक रसिक रोमन गृहस्थ विश्रांतीसाठीं सिराक्यूज येथें गेला असतां, मित्रांसह रमण्यास एखादी लहानशी बाग मिळाल्यास घ्यावी, असें तो बोलून दाखवूं लागला. पिथियस नांवाच्या सावकारानें त्याला आपल्या समुद्रकांठच्या बागेंत जेवावयास बोलाविलें, आणि गांवांतील कोळ्यांना त्या दिवशीं बागेसमोरच मासे धरण्यास सांगून ठेविलें. कॅनियस आला तों समोर होड्यांची गर्दी! जो तो आपले मासे आणून पिथियसच्या पायांशीं टाकीत होता. कॅनियस भुलला. पिथियसनें प्रथम आढेवेढे घेतले आणि मग मनास येईल ती किंमत घेऊन बाग विकली. दुसऱ्या दिवशीं पाहावें तों एकही होडी नाहीं. शेजाऱ्याला विचारतां तो म्हणाला, येथें कोणीच मासे धरीत नाहीं. काल काय झालें याचें मलाच नवल वाटलें. बिचारा कॅनियस चरफडला, पण करतो काय? सिसेरोचा मित्र अॅक्विलियस यानें कपटाविरुद्धच्या दाव्याची कायदेशीर रीत पुढें घालून दिली. ती तोंवर अस्तित्वांत आली नव्हती. एक दाखवावयाचें आणि दुसरें करावयाचें, अशी कपटाची व्याख्या या अॅक्विलियसनेंच केली. सिसेरोचा निष्कर्ष असा कीं, व्यवहारांतून असत्य सर्वस्वीं हद्दपार झालें पाहिजे. विकणाऱ्यानें भाव चढविण्यास खोटा बोलीवाला उभा करूं नये, आणि घेणाऱ्यानेंही भाव पाडण्यास तसा कोणी उभा करूं नये.

आपल्याकडे कौटिल्यानें याच रोगावर अधिक व्यवहारी औषध सांगितलें आहे. शेत, घर इत्यादि विकावयाचें असल्यास शेजारपाजारच्या लोकांसमक्ष त्याच्या मर्यादा सांगून, ‘एवढ्या किंमतीस कोण घेतो?’ असा तीनदां पुकारा करावा. कोणाची हरकत न आल्यास घेणाऱ्यानें तें घ्यावें. येथवर सर्व आपल्या ओळखीचेंच आहे. पण पुढें तो म्हणतो कीं, चढाओढीनें किंमत वाढली तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशांत जावी. या नियमांत राजाचा लोभ दिसतो हें खरें. परंतु त्याचा एक परिणाम ध्यानांत घेण्यासारखा आहे. वाढलेली रक्कम विकणाऱ्याच्या पदरांत पडतच नसेल, तर खोटी बोली लावून ती वाढविण्यांत त्याला स्वारस्य कोणतें? आजच्या लिलांवांत याच्या उलट स्थिति आहे. किंमत चढली तर विकणाऱ्याचा लाभ, आणि टक्केवारीनें अडत घेणाऱ्या मध्यस्थाचाही लाभ. भाव खरा राहावा ही कळकळ एकट्या ग्राहकालाच असते, हें त्यानें कधींही विसरूं नये.

स्मृतिकारांनीं ग्राहकासाठीं आणखी तीन तटबंद्या उभारल्या. मनूनें सांगितलें कीं, भेसळीची, निःसत्त्व किंवा वजनांत कमी वस्तु विकूं नये. आणि जी दूर आहे किंवा झांकलेली आहे तीही विकूं नये. दुसरी तटबंदी अनुशयाची, म्हणजे खरेदीविक्रीनंतरच्या पश्चात्तापाची. दहा दिवसांच्या आंत सौदा परत फिरविण्याची मुभा त्यानें दिली. याज्ञवल्क्यानें तर वस्तुपरत्वें परीक्षेची मुदतच ठरवून टाकली : बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात आणि दुभत्या जनावरास तीन. ज्या वस्तूचा दोष उशिरां उघडकीस येतो तिला मुदत अधिक, हें तत्त्व किती शहाणपणाचें आहे! तिसरी तटबंदी अस्वामिविक्रयाची. चोरीची वस्तु उघड बाजारांत, लोकांसमक्ष घेणारा मनूच्या मतें दंडास पात्र होत नाहीं. पण विकणारा सांपडला नाहीं, तर वस्तु मात्र मूळ मालकाकडे परत जाते. म्हणजे ग्राहकाचा निर्दोषपणा सिद्ध झाला तरी त्याचे पैसे बुडतातच.

इंग्लंडांत सतराव्या शतकांत मेणबत्तीच्या लिलांवाची चाल होती. मेणबत्ती विझण्यापूर्वीं ज्याची शेवटची बोली, त्याची वस्तु. सॅम्युएल पीप्स यानें १६६२ च्या आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें आहे कीं, जुन्या जहाजांच्या अशा विक्रींत एक चतुर माणूस नेमका शेवटच्या क्षणीं बोली लावी. कारण ज्योत विझण्यापूर्वीं धूर खालीं वळतो हें त्यानें हेरलें होतें. आज घड्याळाकडे डोळे लावून शेवटच्या सेकंदास बोली टाकणारे त्याचेच वारस होत. पुढें १७७६ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं एका खटल्यांत, मालकानें गुप्तपणें आपल्याच मालावर बोली लावविणें ही लोकांची फसवणूक होय, असा निर्णय दिला. हेंच तत्त्व आपल्याकडे १८७२ च्या कराराच्या कायद्यांत आलें, आणि १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांतील ६४ व्या कलमांत स्थिर झालें. विकणाऱ्यानें बोलीचा हक्क आगाऊ जाहीरपणें राखून ठेविला नसेल, तर त्याला स्वतः किंवा हस्तकाकरवीं बोली लावतां येत नाहीं. आणि खोट्या बोलीनें भाव चढविला असल्यास तो सौदा रद्द करण्याचा अधिकार ग्राहकास आहे.

महाराष्ट्रांतही हा झगडा घडून गेला आहे. कापसाच्या व धान्याच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची दलालांची रीत होती. जवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाची काय बोली झाली हें कळत नसे. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला, १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कायदा झाला, आणि मुंबई इलाख्यांत १९२७ व १९३९ सालीं तसे कायदे झाले. उघड बोली आणि खरें वजन या दोन गोष्टींकडे या सुधारणेची दृष्टि होती. रुमाल दूर होणें हेंच शेतकऱ्याचें रक्षण ठरलें.

आतां ऑनलाइन लिलांवाकडे वळूं. १९९५ सालच्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियांत पिअर ओमिड्यार यांनीं जें संकेतस्थळ सुरू केलें, तें पुढें ‘ई-बे’ या नांवानें जगभर प्रसिद्ध झालें. तेथें प्रथम विकली गेलेली वस्तु म्हणजे एक मोडका लेझर दर्शक; किंमत १४.८३ डॉलर. वस्तु मोडकी आहे हें ठाऊक आहे ना, असें ओमिड्यार यांनीं घेणाऱ्यास विचारलें. त्यावर आपण मोडके दर्शकच जमवितों असें उत्तर आलें! दोष उघड सांगून झालेला हा सौदा सिसेरोलाही मान्य झाला असता. १९९६ सालीं ग्राहक-विक्रेत्यांनीं एकमेकांविषयीं अभिप्राय नोंदविण्याची सोय तेथें झाली. ती म्हणजे बाजारांतील पत मोजण्याचाच प्रयत्न होता. आपल्याकडे २००० सालीं मुंबईंत ‘बाझी’ हें लिलांवाचें संकेतस्थळ निघालें; २००४ सालीं तें ई-बेनें घेतलें, आणि २०१८ सालीं ई-बेचें भारतांतील तें दुकान बंद झालें.

परंतु जुना रुमाल येथें नव्या रूपानें परत आला. २००० सालच्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील एका वकिलानें एक मोठें चित्र ई-बेवर २५ सेंटांपासून विक्रीस ठेविलें. वर्णनांत चित्रकाराचें नांव नव्हतें. पण रिचर्ड डीबेनकॉर्न या विख्यात चित्रकाराची आठवण व्हावी अशीं आद्याक्षरें चित्रावर दिसत होतीं. बोली १,३५,००० डॉलरांवर गेली. नंतर उघडकीस आलें कीं, विकणाऱ्यानेंच टोपणनांवानें बोली लावली होती, आणि साथीदारांसह हे उद्योग पूर्वीपासून चालले होते. सौदा रद्द झाला. पुढें त्यानें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. पिथियसनें कोळी जमविले. यानें टोपणनांवें जमविलीं. दोघांनींही ‘मी कांहीं खोटें बोललों नाहीं’ असें म्हणण्याची वाट ठेविली होती.

मग ग्राहकानें करावें काय? दूरची व झांकलेली वस्तु घेऊं नये हा मनूचा नियम अक्षरशः पाळल्यास ऑनलाइन खरेदीच बंद पडेल. म्हणून तो अर्थानें पाळावा. शक्य तेथें वस्तु प्रत्यक्ष पाहावी. शक्य नसल्यास नवीं छायाचित्रें मागवावीं, आणि त्यांत आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी वस्तूशेजारीं ठेवण्यास सांगावें. दुसऱ्याची छायाचित्रें चोरून लावणारा येथेंच अडखळतो. मोबाइल असेल तर त्याचा ओळखक्रमांक, मोटार असेल तर नोंदणीचें पुस्तक, मौल्यवान वस्तु असेल तर मूळ पावती मागावी. अस्वामिविक्रयापासून वांचण्याचा दुसरा मार्ग नाहीं. विक्रेत्याची पत पाहतांना केवळ चांगल्या अभिप्रायांची संख्या पाहूं नये. शेपन्नास किरकोळ वस्तु सचोटीनें विकून पत मिळवावी आणि मग एकदम महागड्या वस्तु मांडून पसार व्हावें, ही ठकांची प्रसिद्ध रीत आहे.

बोली लावण्यापूर्वींच आपली कमाल रक्कम कागदावर लिहावी आणि ती ओलांडूं नये. पुष्कळ संकेतस्थळांवर ही कमाल रक्कम आधींच नोंदवितां येते, व यंत्र आपल्या वतीनें लागेल तितकीच बोली वाढवितें. पण खोटा बोलीवाला आपणांस त्या कमालीपर्यंत ढकलूं शकतो. म्हणून सगळी द्यावी लागली तरी हळहळ वाटणार नाहीं, अशीच ती असावी. लिलांव हरल्यावर ‘पहिल्या ग्राहकानें माघार घेतली, आतां तुम्ही थेट पैसे पाठवा’ असा निरोप आला तर तो बहुधा सापळाच समजावा. पैसे संकेतस्थळाच्या अधिकृत मार्गानेंच द्यावे, आणि विक्रेत्यानें सुचविलेल्या अनोळखी मध्यस्थाकडे ते ठेवूं नयेत. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच लागत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ अनर्थ टळेल. वस्तु येतांच पुडकें उघडतांना चित्रफीत काढावी व परतीची मुदत संपण्यापूर्वीं कसून परीक्षा करावी. याज्ञवल्क्याच्या नियमाचें आजचें रूप तें हेंच.

बँकांच्या घरांच्या ई-लिलांवांत अधिकच सावध राहिलें पाहिजे. तेथें मालमत्ता ‘जशी आहे, जेथें आहे’ या अटीवर विकली जाते. बँकेपाशीं प्रत्यक्ष ताबा आहे कीं केवळ कागदोपत्रीं, सोसायटीची व नगरपालिकेची थकबाकी किती, दावा चालू आहे काय, हें वकिलाकरवीं आधीं तपासावें. बोली जिंकतांच अनामत धरून चौथा हिस्सा रक्कम लगोलग, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत भरावी लागते, आणि उरलेली मुदतींत न दिल्यास भरलेली जप्त होते. म्हणून बोलीनंतर चौकशी हा क्रम घातक होय.

आणि इतकें करूनही फसगत झाली तर? १९३० च्या कायद्याचा उल्लेख वर आला. योगायोग असा कीं, सायबर फसवणुकीची खबर देण्याचा राष्ट्रीय दूरध्वनि क्रमांकही १९३० हाच आहे. खबर जितकी लवकर, तितका पैसा वाटेंतच अडविला जाण्याचा संभव अधिक. दुसऱ्याचें सोंग घेऊन संगणकाद्वारें ठकविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु आपल्या सुशिक्षित घरांतून असें घडलें, तर लोक हंसतील या भीतीनें माणसें गप्प बसतात. कधीं पत्नीपासून, कधीं मुलांपासून ती गोष्ट लपवितात. या लाजेवरच ठकाचा धंदा चालतो. कॅनियसला दाद मागण्यास रस्ता नव्हता. आपणांस तो आहे. जो जाऊन तक्रार नोंदवितो, तो आपले पैसे परत मिळवील न मिळवील, पण पुढच्या दहा जणांचे खचित वांचवील.