खापर : एका शब्दाचा इतिहास

फुटलेल्या मडक्याच्या तुकड्याला मराठीत 'खापर' म्हणतात. संस्कृत 'कर्पर', 'खर्पर' या शब्दांशी त्याचे नाते आहे. 'दुसऱ्याच्या माथी खापर फोडणे' हा वाक्प्रचारही आपल्या नित्य परिचयाचा आहे. पवित्र शास्त्रात या वस्तूला इब्री भाषेत 'हेरेस', तर ग्रीक भाषेत 'ओस्त्राकोन' म्हटले आहे.

प्राचीन काळी पपायरस विकत घ्यावा लागे. खापर उकिरड्यावर फुकट मिळे. म्हणून पावत्या, हिशेब व निरोप खापरावर शाईने लिहीत. १९३५ साली लाखीश येथील उत्खननात नगरद्वाराजवळच्या जळालेल्या खोलीत अशी १८ लिखित खापरे सापडली. यरुशलेमचा पाडाव होण्यापूर्वीच्या अखेरच्या काळातील ती पत्रे आहेत. 'लाखीशच्या अग्निसंकेतांकडे आमचे लक्ष आहे, अजेका मात्र दिसत नाही,' अशा आशयाचा मजकूर एकात आहे. यिर्मया ३४:७ मध्ये हीच दोन नगरे शेवटपर्यंत टिकल्याचे सांगितले आहे. राजवाडे भस्म झाले. टाकाऊ खापराने मात्र साक्ष राखली.

अथेन्स नगरात खापराचा उपयोग निराळा होता. इ. स. पू. पाचव्या शतकात तेथील नागरिक नकोशा पुढाऱ्याचे नाव खापरावर कोरीत. किमान ६,००० खापरे जमल्यावर कौल पूर्ण होई व त्या पुढाऱ्याला १० वर्षे नगराबाहेर राहावे लागे. 'न्यायी' म्हणून नावाजलेला अरिस्तीदेसही इ. स. पू. ४८२ च्या सुमारास असाच हद्दपार झाला. आरोपपत्र नाही, बचावाचे भाषण नाही. खापर हाच निकाल.

आता ईयोबाकडे वळू. राखेत बसलेल्या ईयोबाने अंग खाजविण्यासाठी जे खापर घेतले (२:८), त्याला जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात 'ओस्त्राकोन' हाच शब्द आहे. मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ठीक होते. मग ते बोलू लागले, आणि ज्याच्या हाती खापर होते त्याच्याच माथी त्यांनी खापर फोडले! देवाने शेवटी दोष दिला तो त्या मित्रांना (४२:७).

स्तोत्र २२ मधील पीडिताची शक्ती खापरासारखी सुकून गेली आहे. तेथेही ग्रीक भाषांतरात हाच शब्द येतो. त्याच स्तोत्राचे आरंभीचे शब्द प्रभू येशूने वधस्तंभावर उच्चारले, आणि त्याने वेशीबाहेर दुःख सोसले, असे इब्री लोकांस पत्र सांगते (१३:१२). पौल तर सुवार्तेची संपत्ती मातीच्या पात्रांत आहे असे म्हणतो (२ करिंथ ४:७). त्याचा 'ओस्त्राकिनोस' हा शब्द याच कुळातला.

एखाद्या घरी अकाली मृत्यू किंवा दुर्धर आजार येतो, तेव्हा 'हे कोणाच्या पापामुळे?' असा प्रश्न मंडळीत उठतो, आणि उत्तरासाठी सर्वांची दृष्टी धर्मगुरूकडे किंवा धर्मशिक्षकाकडे वळते. त्या वेळी आपण स्वतःला विचारावे : माझ्या हातचे खापर कोणते? अथेन्सकराचे, की वेढ्यातही निरोप पोहोचविणाऱ्या त्या लाखीशच्या पत्रलेखकाचे? उत्तर सुचत नसेल तर ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत.