यादीत नसलेले नाव

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात केप फिअर नदीच्या तीरावर विल्मिंग्टन हे जुने बंदर वसले आहे. 1978 साली हिवाळ्याच्या तोंडी तेथील लेनी हायस्कूलमध्ये शाळेच्या बास्केटबॉल संघाची यादी लावण्यात आली. नावे आद्याक्षरांच्या क्रमाने होती. दहावीत शिकणारा पंधरा वर्षांचा एक मुलगा आपल्या आडनावाच्या अक्षरापाशी थबकला, पुढे गेला, पुन्हा मागे आला. त्याचे नाव यादीत नव्हते. तो दिवस त्याने वर्गात कसाबसा काढला. शाळा सुटताच घर गाठून त्याने खोलीचे दार लावून घेतले आणि पोटभर रडून घेतले. त्या मुलाचे नाव मायकेल जॉर्डन.

पुढे हाच मुलगा बास्केटबॉलच्या जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक ठरला, आणि ही हकिगत दंतकथा बनून देशोदेशी पोहोचली. संघातून वगळल्या गेलेल्या मुलाला धीर द्यायचा झाला, की वडीलधारी माणसे तिचाच दाखला देतात. प्रशिक्षकाने त्याला हाकलून दिले, तरी तो जिद्दीने मोठा झाला, असे तिचे प्रचलित रूप आहे. परंतु प्रत्यक्षात जे घडले, ते या दंतकथेहून निराळे आहे. आणि खचलेल्या मुलाच्या उपयोगी पडेल असे जे काही आहे, ते या निराळेपणातच आहे.

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत सामान्यतः दोन संघ असतात. एक मुख्य संघ, आणि दुसरा धाकट्या विद्यार्थ्यांचा कनिष्ठ संघ. जॉर्डनला शाळेच्या खेळातून काढून टाकलेले नव्हते. त्याला कनिष्ठ संघात ठेवण्यात आले होते. त्या वेळी त्याची उंची सुमारे पाच फूट दहा इंच होती. मुख्य संघात त्याच्या जागी खेळणारी, वयाने व अनुभवाने मोठी मुले आधीच होती. उणीव होती ती उंच खेळाडूची. म्हणून जॉर्डनच्याच वर्गातील लिरॉय स्मिथ याची निवड झाली. त्याची उंची साडेसहा फुटांहून अधिक होती. मुख्य संघात जॉर्डनला बराच काळ बाकावर बसून राहावे लागले असते. कनिष्ठ संघात तो पूर्ण वेळ खेळला आणि त्याचा खेळ पाहण्यासाठी लोक मुद्दाम लवकर येऊ लागले. प्रशिक्षक क्लिफ्टन हेरिंग यांचा निर्णय अशा रीतीने समजण्याजोगा होता. पण यादीवर केवळ नावे असतात, कारणे नसतात. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला न सांगितलेले कारण एकच वाटते : आपण नालायक आहोत.

त्या मोसमाच्या अखेरीस जॉर्डनने मुख्य संघाबरोबर स्पर्धेला येऊ देण्याची विनंती केली. तो गेला, परंतु खेळाडू म्हणून नव्हे. दुसऱ्याचा गणवेश हातात घेऊन त्याला आत प्रवेश करावा लागला. हा अपमान तो कधीच विसरला नाही. तथापि याच कथेची दुसरी बाजू अशी, की ज्या हेरिंग यांनी त्याला मुख्य संघात घेतले नाही, तेच पुढे शाळा भरण्यापूर्वी भल्या पहाटे त्याला घरून आपल्या गाडीतून व्यायामशाळेत नेत आणि सराव करून घेत. घरी आई डिलोरिस हिने मुलाची समजूत घातली ती त्याला मेहनतीकडे वळवून. परसातल्या खेळात थोरला भाऊ लॅरी त्याला सहजासहजी जिंकू देत नसे. पुढील वर्षी जॉर्डनची उंची काही इंचांनी वाढली आणि तो मुख्य संघात आला. लॅरीचा क्रमांक 45 होता. त्याच्या निम्म्याला जवळचा म्हणून याने 23 हा क्रमांक घेतला. 1982 साली विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उत्तर कॅरोलिना विद्यापीठाला विजय मिळवून देणारा चेंडू त्याच्याच हातून सुटला. त्यानंतर शिकागोच्या संघाकडून त्याने सहा अजिंक्यपदे मिळविली.

2009 साली स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलमधील सर्वोच्च सन्मान स्वीकारताना जॉर्डनने लिरॉय स्मिथला निमंत्रण दिले होते, आणि प्रशिक्षकाची निवड चुकली होती, हे भर सभेत ऐकविले होते. एकतीस वर्षांनंतरही ती यादी त्याच्या मनातून पुसली गेलेली नव्हती. त्या सलीने त्याला बळ दिले, हे खरे. पण तिने पहाटेची ती गाडी झाकून टाकली, हेही तितकेच खरे. दंतकथेत हेरिंग केवळ नकार देणारे म्हणून उरले.

वगळल्या गेलेल्या प्रत्येक मुलाला 'तूही जॉर्डन होशील' असे सांगणे म्हणजे त्याच्या शिरावर दुसरे ओझे ठेवणे होय. कारण बहुतेक मुले तसे होत नाहीत, आणि व्हायलाच हवे असेही नाही. विल्मिंग्टनमधील त्या मुलाला जे मिळाले, ते मात्र कोणत्याही गावी कोणत्याही मुलाला देता येण्याजोगे आहे. रडायला बंद दाराआडचा थोडा अवसर, खेळत राहायला दुसरे मैदान, खोट्या स्तुतीऐवजी कष्टाची वाट दाखविणारी आई, आणि नकार दिल्यावरही पाठ न फिरविणारा शिक्षक. यात आणखी एका गोष्टीची भर घालावयास हवी : यादी भिंतीवर लागण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून तिचे कारण सांगणे. तेवढे झाले, तर मूल पुढे विजेता होवो वा न होवो, निवड ही आपल्या आजच्या खेळाची आहे, आपल्या योग्यतेची नव्हे, एवढे त्याला उमगेल.