लग्नातले रंग

आमच्याकडं पूर्वी कापडाचा रंग हंगाम ठरवायचा. संक्रांतीला थंडी, म्हणून काळी चंद्रकळा; काळं कापड ऊब धरतं. एरवी शुभकार्यात काळं वर्ज्य. सुगी उरकली की लग्नं. नवरीला मामाचं पिवळं लुगडं, हातात हिरवा चुडा. 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला जात होती, तरी हे दोन रंग चुकले नाहीत. ते लुगडं बाई पुढं सणावाराला नेसायची. हळद लावताना मात्र जुनंच कापड, कारण डाग सहजी जात नाही.

आता हळदीलाच अख्ख्या भावकीला नवी पिवळी कापडं, मेंदीला हिरवी, रिसेप्शनला फिक्कट गुलाबी. एकदा घातली की पेटीत. शेतात हळद पिकवणारा बापसुद्धा या पिवळ्यापायी उसनवारी करतो.