फडताळाचे मोल : अकोल्याचे घर आणि त्याची कागदावरची किंमत

१/ अमेरिकेतील वसाहतकालीन घरे पाहायला जाणाऱ्यांना एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. त्या काळी भिंतीतल्या कपाटाला स्वतंत्र खोली समजून त्यावर कर लावत, म्हणून त्या घरांत कपाटे नाहीत, असे सांगतात. गोष्ट रंजक आहे. परंतु असा कर घेतला जात असल्याचा पुरावा संशोधकांना सापडलेला नाही.

२/ मोजणीमुळे घराचे रूप बदलते, हे मात्र खरे. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. मग जे कधी मोजलेच जात नाही, त्या साठवणीच्या जागेचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर अकोले तालुक्यात शोधता येते.

३/ अकोल्याचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा माथा. कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड याच तालुक्यात आहेत. घाटघरला ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात. तेथून प्रवरेच्या खोऱ्याने पूर्वेकडे उतरत गेले की पाऊस झपाट्याने घटतो. माथ्यावरच्या महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना चार महिन्यांची बेगमी पहिल्या सरीआधीच करून ठेवावी लागे.

४/ त्यामुळे तेथील घर हे आधी कोठार आणि मग निवारा होते. कुडाच्या भिंतींना शेणामातीचा लेप असे. बांबूची कणगी विणून तीही शेणाने सारवत. चुलीच्या वर माळा असे. चुलीचा धूर तेथील धान्य कोरडे राखी आणि किडीला दूर ठेवी. बियाण्याची कणसे वाशांना टांगलेली असत. कडधान्याचे बी राख मिसळून मडक्यात जाई.

५/ देशावरच्या वाड्यांत हेच काम भिंती करत. दगडमातीच्या रुंद भिंतीत फडताळे, कोनाडे आणि देवळ्या काढलेल्या असत. धान्यासाठी घरात बळद असे, तर कोरड्या जमिनीत पेव खणत. वस्तू भिंतीच्या पोटात सामावत, त्यामुळे खोलीतली जमीन माणसांसाठी मोकळी राही.

६/ घराची प्रतिष्ठाही साठवणीवरूनच ठरे. मराठीत आजही ‘भरल्या घरची’, ‘खात्यापित्या घरची’ असे म्हणतात. घर किती खणांचे आहे हे लोक पाहत. पण त्यात दाणे किती महिने पुरतात, हा प्रश्न अधिक मोलाचा होता.

७/ सरकारी कागदाची दृष्टी निराळी आहे. ग्रामपंचायती १९५८ च्या अधिनियमानुसार घरपट्टी आकारतात. २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर ती घराच्या भांडवली मूल्यावर आधारलेली आहे. या हिशेबात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि वापर येतो. मातीच्या घराचा दर सर्वांत खालचा, आरसीसीचा सर्वांत वरचा. माळा, कणगी, फडताळ यांच्यासाठी रकाना नाही.

८/ २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली. ज्या घरांना पूर्वी मालकीचा नकाशा नव्हता, त्यांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. गावकऱ्याच्या हक्कासाठी ही मोठीच गोष्ट आहे. मात्र ड्रोनला दिसते ते छप्पर. छपराखालचा माळा त्याला दिसत नाही.

९/ शहरातील हिशेबही फारसा वेगळा नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातील चटईक्षेत्रात बाहेरच्या भिंतींनी व्यापलेली जागा धरत नाहीत. म्हणजे वाड्याच्या बाह्य भिंतीतले फडताळ या मापात शून्य! साठवणीची उणीव किमतीत उमटते, पण आडवाटेने. ग्राहक अडचणीच्या घराला कमी भाव देतो, आणि मूल्यनिर्धारक आसपासचे व्यवहार ताडून पाहतो तेव्हाच ती तफावत त्याच्या अहवालात शिरते.

१०/ जेथे घरे सहसा विकलीच जात नाहीत, तेथे ही आडवाटही बंद असते. अकोल्याच्या डोंगराळ गावांत हेच घडते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरलेले आहे. पक्के घर गळत नाही, आगीला सहज बळी पडत नाही. बाईच्या डोळ्यांतला धूर गेला, हेही थोडके नव्हे. परंतु स्लॅबखाली वासे नसतात. कणसे टांगायची कोठे आणि कणगी ठेवायची कोठे? कागदावर घराची किंमत चढली, तरी त्याच्या पोटात मावणारे कमी झाले.

११/ या हरवलेल्या जागेचे मोल याच तालुक्यातील एका घराने दाखवून दिले. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी भात, वाल, भाज्या यांचे देशी वाण गोळा केले आणि जुन्याच रीतीने मातीच्या मडक्यांत जपले. ‘बायफ’ संस्थेच्या साहाय्याने त्यांच्या घरी बियाणे बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

१२/ ज्या मडक्यांना मूल्यांकनाच्या तक्त्यात स्थान नव्हते, त्यांतच बाजारातून नाहीसे झालेले वाण टिकून होते. त्या घराची घरपट्टी मडक्यांमुळे एका रुपयानेही वाढली नसती.

१३/ म्हणून जुने घर पाहताना, किंवा पाडताना, केवळ जोते मोजू नये. भिंतीतले फडताळ उघडावे, चुलीवरच्या काळवंडलेल्या वाशांकडे पाहावे. त्या कुटुंबाने दुष्काळ, पावसाळा आणि पुढच्या वर्षाची पेरणी यांची तजवीज तेथे केलेली असते, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.