३८९ क्रमांकाचे दार

मोठ्या संस्थेत नवा डिरेक्टरी सर्व्हर बसवायचा म्हटला की सूचनांच्या पहिल्या काही पानांतच दोन याद्या समोर येतात. पहिली डिपेन्डन्सींची, म्हणजे ही यंत्रणा चालायला आधी कोणकोणती सॉफ्टवेअर यंत्रावर हजर असायला हवीत त्याची. दुसरी पोर्टांची, म्हणजे फायरवॉलच्या भिंतीत कोणत्या क्रमांकाची दारे उघडी ठेवायची त्याची. ‘फ्रीआयपीए’ हा मुक्त संच घेतला तर दुसऱ्या यादीत ८० आणि ४४३, ३८९ आणि ६३६, ८८ आणि ४६४, ५३, आणि वेळही तिथूनच पुरवायची असेल तर १२३ असे आकडे असतात. बसवणारा ते उतरवून घेतो, काम उरकतो आणि कागद विसरतो.

या याद्या मला जुन्या दप्तरातल्या कागदांसारख्या वाटतात. त्यांतल्या प्रत्येक ओळीमागे एखादे विद्यापीठ, एखादा कायदा, एखादी चूक किंवा एखादे भांडण आहे. सगळ्या ओळी एकत्र वाचल्या की एक मोठे वळण दिसते. जी नोंदवही साऱ्या जगाला उघडी असावी म्हणून आखली गेली, ती भिंतीआड जाऊन पहारेकरी झाली.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे संस्थेची नोंदवही. नोकरीवर कोण आहे, त्याचे खाते कोणते, तो कोणत्या गटात आहे, याच्या नोंदी तिच्यात असतात. सकाळी कचेरीत आपण नाव आणि पासवर्ड टाकतो, तेव्हा ‘हा आपला का?’ ही विचारणा बहुधा या वहीकडेच जाते.

*

कथेची सुरुवात १९८८ मधली. त्या वर्षी दूरसंचाराची मानके ठरवणाऱ्या सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने आयएसओच्या सहकार्याने ‘एक्स.५००’ ही मानकमाला मंजूर केली. कल्पना भव्य होती. साऱ्या जगाची एकच डिरेक्टरी, वर देश, त्याखाली संस्था, त्याखाली विभाग आणि शेवटी माणूस अशी झाडासारखी रचलेली. टेलिफोन खात्यांच्या माणसांनी आखलेली ती वही होती, त्यामुळे तिच्या मनात टेलिफोनचे जाडजूड पुस्तक होते. कोणीही कोणालाही शोधावे, हा तिचा हेतू.

अडचण वजनाची होती. एक्स.५०० शी बोलायला ओएसआयची सात थरांची संपूर्ण चळत लागे, आणि त्या काळच्या टेबलावरच्या साध्या संगणकाला ती झेपत नसे. मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मधला मार्ग काढला. साध्या संगणकाने इंटरनेटच्या सोप्या भाषेत प्रश्न विचारायचा, आणि जड भाषेतले बोलणे मधल्या यंत्राने करायचे. त्यातून वेंगयिक यंग, टिम हाउज आणि स्टीव्ह किल यांच्या नावाने जुलै १९९३ मध्ये आरएफसी १४८७ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. हाच ‘एलडॅप’. त्याच्या नावातला ‘लाइटवेट’ हा शब्द एक्स.५०० च्या ओझ्याची आठवण आहे. पुढे मिशिगनच्या मंडळींनी ‘स्लॅपडी’ लिहिला आणि मागच्या जड यंत्रणेची गरजच संपवली.

एलडॅपला मिळालेले दार ३८९. हे आकडे तेव्हा जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स सांभाळत. ऑक्टोबर १९९४ च्या आरएफसी १७०० या त्यांच्या यादीत ३८९ समोर एलडॅप आणि संपर्कासाठी हाउज यांचे नाव आहे. नेटस्केपने पुढे विकलेला डिरेक्टरी सर्व्हर एओएलमार्गे डिसेंबर २००४ मध्ये रेड हॅटकडे आला, दुसऱ्या वर्षी त्याचा प्रोग्राम खुला झाला आणि २००९ मध्ये त्याचे नाव बदलून ‘३८९ डिरेक्टरी सर्व्हर’ ठेवले गेले. फ्रीआयपीएच्या पोटात आज तोच आहे.

*

दुसरी घटनाही १९८८ मधलीच. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ इंटरनेटवर पसरला आणि काही हजार यंत्रे ठप्प झाली. तो शिरला त्या वाटांपैकी एक होती ‘फिंगर’, पोर्ट ७९. एखाद्या यंत्रावर कोण आहे, त्याचे पूर्ण नाव काय, हे कोणालाही सांगणारी ही सेवा. म्हणजे तीही एक छोटी, उघडी नोंदवहीच. विचारणाऱ्याने प्रश्न बेसुमार लांब पाठवला तर काय, याची काळजी तिच्या प्रोग्राममध्ये घेतलेली नव्हती.

त्यानंतर भिंती उभ्या राहू लागल्या. बेल लॅब्जमधल्या बिल चेसविक आणि स्टीव्हन बेलोविन यांचे फायरवॉलवरचे पुस्तक १९९४ मध्ये आले, आणि ‘जे मुद्दाम उघडले नाही ते बंद’ हा नियम रूढ होत गेला. सूचनांच्या पानावर दारांची यादी लागते ती याच नियमामुळे. आधी सगळेच उघडे असताना अशा यादीची गरज नव्हती.

जगाची डिरेक्टरी अशा रीतीने संस्थेच्या भिंतीआड गेली, आणि आत गेल्यावर तिचे कामही बदलले. माणूस शोधून देण्याऐवजी ती त्याची ओळख पटवू लागली. त्यासाठी तिला नवे शेजारी लागले. ८८ आणि ४६४ ही दारे कर्बेरॉसची. १९८३ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट अथेना’तून ही पद्धत निघाली. पासवर्ड नेटवर्कवरून न पाठवता ठरावीक मुदतीचे तिकीट द्यायचे, हे तिचे सूत्र. तिकिटाला मुदत आहे म्हटल्यावर दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत मेळ हवा. सहसा पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणून डेव्हिड मिल्स यांच्या वेळ जुळवणाऱ्या एनटीपीचे दार, १२३. यंत्रांची नावे आणि पत्ते सांगणाऱ्या डीएनएसचे ५३. ज्या यंत्रावर सर्व्हर बसवायचा त्याला स्वतःचे पूर्ण नाव सांगता आले नाही तर फ्रीआयपीए बसतच नाही. इतरांची ओळख पटवणाऱ्याची आधी स्वतःची ओळख पक्की हवी, असा हा रोखठोक नियम.

६३६ ची गोष्ट वेगळी. ३८९ वरून साधा पासवर्ड उघडाच जाई, म्हणून कुलूपबंद बोलण्यासाठी हे दुसरे दार काढले गेले. मे २००० मध्ये मानकातच सोय झाली की ३८९ वर बोलणे सुरू करून तिथेच कुलूप लावावे. तरी जुनी यंत्रे आणि जुन्या सवयी राहिल्या आणि यादीत दोन्ही आकडे राहिले.

*

आता डिपेन्डन्सींची यादी. तिच्यात बहुतेक वेळा ‘ओपनएसएसएल’ असते. १९९६ पर्यंत अमेरिकेत संकेतीकरणाचे सॉफ्टवेअर दारूगोळ्याच्या यादीत मोडत असे. परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेता येत नसे. त्यामुळे एमआयटीने कर्बेरॉसमधला संकेतीकरणाचा भाग काढून उरलेला सांगाडा बाहेर दिला. त्याचे नाव ‘बोन्स’, म्हणजे हाडे. ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठात एरिक यंग यांनी तो भाग स्वतः नव्याने लिहून हाडांवर पुन्हा मांस चढवले. त्याच कामातून, टिम हडसन यांच्या साथीने, १९९५ मध्ये ‘एसएसएले’ तयार झाले, आणि डिसेंबर १९९८ मध्ये त्यावर ओपनएसएसएल उभे राहिले. एका देशाच्या निर्यातबंदीने दुसऱ्या खंडात कामाला लावलेल्या माणसाची मेहनत आज त्या एका ओळीत आहे.

दुसरे उदाहरण ‘बर्कली डीबी’. नोंदी प्रत्यक्ष साठवण्याचे काम अनेक वर्षे याच्याकडे होते. नेटस्केपला १९९६ मध्ये आपल्या एलडॅप सर्व्हरसाठी ते अधिक भक्कम हवे होते. त्या मागणीतून मार्गो सेल्ट्झर आणि कीथ बॉस्टिक यांची ‘स्लीपीकॅट’ कंपनी निघाली. २००६ मध्ये ऑरॅकलने ती विकत घेतली आणि २०१३ मध्ये नव्या आवृत्तीचा परवाना अधिक कडक केला. तो अनेक मुक्त प्रकल्पांना पेलणारा नव्हता, म्हणून ते जुन्याच आवृत्तीवर थांबले. ओपनएलडॅपच्या हॉवर्ड चू यांनी बर्कलीची किचकट जुळवाजुळव टाळण्यासाठी २०११ मध्येच ‘एलएमडीबी’ लिहिले होते. पुढे ३८९ सर्व्हरही तिकडे वळला. डिरेक्टरीच्या गरजेपोटी निघालेली कंपनी, आणि तिच्याच परवान्यामुळे डिरेक्टरीला शोधावा लागलेला नवा आधार!

*

वहीच्या रकान्यांतही १९८८ शिल्लक आहे. एक्स.५०० ने माणसाच्या नोंदीत दोन रकाने सक्तीचे केले: नेहमीचे नाव आणि आडनाव. एलडॅपने ते जसेच्या तसे उचलले. आपल्याला यात वावगे वाटणार नाही, कारण मराठी नावाच्या शेवटी आडनाव असतेच. पण वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावणाऱ्या तमिळ माणसाला आडनाव नसते. मग तेच नाव पुन्हा लिहायचे, आद्याक्षर टाकायचे किंवा नुसता ठिपका द्यायचा. वही त्याला नोंदवून घेते, पण तिच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे. लिपीचीही तीच गत होती. सुरुवातीच्या एलडॅपची अक्षरे टेलिटेक्सच्या जुन्या संचातली. डिसेंबर १९९७ मधल्या तिसऱ्या आवृत्तीने यूटीएफ-८ स्वीकारले, तेव्हा कुठे देवनागरीत लिहिलेले नाव या वहीत रीतसर बसू लागले.

*

भिंतीवरच्या भरवशाची परीक्षा डिसेंबर २०२१ मध्ये झाली. जावा प्रोग्रामांत नोंदी टिपणारे ‘लॉगफोरजे’ नावाचे सॉफ्टवेअर असंख्य ठिकाणी डिपेन्डन्सी म्हणून बसलेले होते. पुष्कळ ठिकाणी ते आहे हेही चालवणाऱ्यांना माहीत नव्हते. एखाद्या रकान्यात एलडॅपचा पत्ता असलेला विशिष्ट मजकूर टाकला, की नोंद टिपता टिपता ते त्या पत्त्यावर जाई आणि तिथून मिळालेला परका प्रोग्राम घरात आणून चालवी. बाहेरून आत येणाऱ्या दारांवर पहारा कडक होता. आतून बाहेर कोण कोणाला विचारायला जाते, याची चौकशी अनेकांनी केलेली नव्हती. हल्लेखोर आपल्या यंत्रावर हवे ते पोर्ट वापरू शके, त्यामुळे बाहेर जाणारे ३८९ बंद करूनही भागले नसते. गरजेपुरत्या वाटा सोडून बाकी सगळे बाहेर जाणे ज्यांनी अडवले होते, त्यांना मोठा आधार झाला.

दोन्ही याद्या एकत्र का वाचाव्यात, ते इथे कळते. पहिली यादी सांगते की आपण कोणाच्या कामावर उभे आहोत, आणि दुसरी सांगते की आपण कोणाशी बोलतो. काम अडले की ‘आधी फायरवॉल बंद करून बघा’ असा सल्ला हमखास मिळतो. त्याने अडचण बहुधा सुटते, भिंत मात्र पुष्कळदा तशीच पडलेली राहते. बसवणाऱ्याने प्रत्येक आकड्यासमोर आणि प्रत्येक नावासमोर ‘हे इथे का?’ एवढे लिहून ठेवले, तर त्याच्यानंतर येणाऱ्याला कोणते दार कशासाठी उघडे आहे ते कळेल, आणि ज्याचे कारण संपले ते बंदही करता येईल.