बळद बुजवण्याआधी

परभणी जिल्ह्यातला शेतकरी घराण्याचा जुना माळवदाचा वाडा राहण्यासाठी नव्याने दुरुस्त होतो, तेव्हा दिंडीदरवाजा, कोरीव खांब आणि ओसरी राखली जाते. भिंतीतले धान्य साठवायचे बळद बुजते, गोठ्यात मोटार उभी राहते. राहायचे तर एवढा बदल हवाच, असे यावर म्हटले जाते. पण या वाड्याची बांधणीच शेताने ठरवलेली होती. भिंत इतकी रुंद, कारण तिच्या पोटात वर्षाची ज्वारी साठवायची: माळवदावरच्या तोंडातून ओतायची, खालच्या भोकातून लागेल तशी काढायची. घर खणांनी मोजत. दोन खांबांमधला एक खण. खांब-तुळयांवर नाट, त्यावर किलच, पाला आणि मातीचा जाड थर. रानातली काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून छतावर गावठाणातली पांढरी माती पडे. त्याच माळवदावर उन्हाळ्यात मिरच्या आणि सांडगे वाळत. इंग्लंडमधल्या जुन्या खळीघरांची घरे करताना गाडी आत नेण्याच्या उंच दाराला बहुधा काच बसवतात; मळणी कुठे होई, हे त्यामुळे निदान दिसत राहते. आपल्याकडे तेवढेही उरत नाही.

बळद रिकामे झाले ते 1950 च्या कुळकायद्याने आणि 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने, हे मोठ्या वाड्यांपुरते खरे. त्याहून मोठे कारण मला पीकबदलात दिसते. ज्वारी घरात खायची म्हणून साठते. कापूस आणि सोयाबीन मोंढ्यावर जातात.

बळद राखण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाचा. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे अशाच दगडमातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदांखाली गेली. ती भीती रास्त आहे. मात्र घात झाला तो भिंतीचे दोन थर आरपार दगडाने न सांधल्यामुळे, आणि जुनी माती न उतरवता वर्षानुवर्षे नवी चढवल्यामुळे. माती उतरवणे, आरपार दगड घालणे, भिंतीला पट्टा बांधणे हे उपाय उपलब्ध आहेत. बळदाच्या पोकळीभोवती ते अधिकच काळजीने करावे लागतील.

दुसरा आक्षेप असा की, वाडा म्हणजे देशमुखी-पाटीलकीचा तोरा, तो का जपावा? बळदातली ज्वारी सालगड्यांच्या कष्टाची होती आणि बलुतेदारांचा वाटाही धान्यातच मोजला जाई, हे तर खरेच. कोरीव दरवाजा मालकाचे वैभव तेवढे सांगतो. ते वैभव कोणाच्या राबण्यावर उभे होते, याचा त्या घरातला पुरावा बळद आणि गोठा हाच आहे. म्हणून आक्षेप घेणाऱ्यांनीच तो वाचवण्याचा आग्रह धरायला हवा.